लेदरची बकेट बॅग घ्यायची आहे? दुकानात जाताना डबा आणि बाटली सोबत न्या

दुकानाच्या काचेमागे बकेट बॅग, म्हणजे बादलीसारखी उंच, वर नाडीने आवळायची बॅग, नेहमीच छान दिसते. आत कागदाचे बोळे कोंबून तिला गुबगुबीत केलेलं असतं, नाडीची टोकं ऐटीत पुढे सोडलेली असतात आणि वरून पिवळा दिवा. घरी आणून डबा, पाण्याची बाटली, छत्री, चार्जर, पाकीट असं रोजचं सगळं भरलं की तिचा खरा स्वभाव कळतो. तळ खाली लोंबतो, पट्टा खांद्यात रुततो आणि वरचं तोंड काही केल्या मिटत नाही. तोवर बिलावर ‘नो एक्स्चेंज’ छापलेलं असतं.

म्हणून पहिलं काम हेच करा. खरेदीला निघताना रोजचं सामान एका कापडी पिशवीत घ्या. डबा रिकामा आणि कोरडा, बाटली मात्र भरलेली आणि झाकण घट्ट. दुकानात ते सगळं बॅगेत भरा आणि खांद्याला लावून पाच-दहा मिनिटं फिरा. धारावीतल्या दुकानदाराला यात काही वावगं वाटत नाही. मॉलमधल्या मुलीची भुवई जराशी वर जाईल, जाऊ दे.

तसं पाहिलं तर या बॅगेचा जन्मच ओझं वाहायला झाला आहे. लुई व्हिटॉन कंपनीने 1932 साली ‘नोए’ नावाची बॅग काढली, ती एका शँपेनवाल्याच्या मागणीवरून. त्याला पाच बाटल्या नेता येतील अशी बॅग हवी होती: चार उभ्या आणि पाचवी त्यांच्या मधोमध उलटी. गोल तळ, उंच भिंती आणि वर आवळायला नाडी हा घाट तिथून आला. शँपेनच्या पाच भरलेल्या बाटल्या म्हणजे सात-आठ किलो वजन. आपला डबा-बाटलीचा ऐवज दोन-अडीच किलोंच्या वर क्वचितच जातो, तेव्हा तेवढ्यानेच कुरकुरणारी बॅग नावाने कितीही मोठी असो, तिला परत काउंटरवर ठेवायला लाजू नका. मध्यंतरी ही बॅग मागे पडली होती. 2013 नंतर न्यूयॉर्कच्या मन्सूर गॅव्हरिएल या ब्रँडच्या साध्या, बिनलोगोच्या बकेट बॅगेसाठी लोक नाव नोंदवून वाट बघू लागले आणि मग सगळ्याच ब्रँडनी आपापली काढली. आज बाजारात दिसतो तो बराचसा माल त्या लाटेनंतरचा.

पट्टा: इथे घाई नको

मी तर बॅग हातात घेतली की आधी पट्टा बघते, मग लेदर. बकेट बॅग बिघडते ती बहुतेक वेळा पट्ट्यापाशीच.

‘पट्टा केवढा लांब आहे?’ असं विचारलं की दुकानदार टोकापासून टोकापर्यंतचं माप सांगतो. त्या मापाचा आपल्याला काही उपयोग नाही. आपल्याला हवा तो ‘ड्रॉप’, म्हणजे पट्टा वर ताणून धरल्यावर त्याच्या सर्वांत उंच जागेपासून बॅगेच्या तोंडापर्यंतचं सरळ अंतर. खांद्याला अडकवायची असेल तर नऊ ते बारा इंच पुरतात. छातीवरून आडवी घ्यायची, म्हणजे क्रॉसबॉडी, तर वीस ते चोवीस इंच लागतात. परदेशी ब्रँडच्या बॅगा बऱ्याचदा आपल्याहून उंच बायकांच्या मापाने कापलेल्या असतात. पाच फूट उंचीच्या बाईने पट्टा शेवटच्या भोकावर आणला तरी बॅग मांडीवर आपटत राहते. त्यामुळे पट्टा सर्वांत आखूड केल्यावर बॅग कुठे येते, ते आधी बघा. जास्तीत जास्त लांबी ही नंतरची गोष्ट.

आता लांबी बदलायची सोय कशी आहे ते. एक प्रकार बक्कल आणि भोकांचा, आपल्या कमरेच्या पट्ट्यासारखा. हा एकदा लावला की हलत नाही, वजन नीट पेलतो, पण बदलायला दोन्ही हात लागतात. दुसरा प्रकार सरकत्या कडीचा, लहान मुलांच्या दप्तराला असते तशी. ती एका हाताने सरकते, पण गुळगुळीत लेदरवर भरलेल्या बॅगेच्या वजनाने आपोआपही सरकते. सकाळी कमरेशी असलेली बॅग संध्याकाळी गुडघ्याकडे निघालेली असते. सरकती कडी असेल तर बॅग भरून पट्ट्याला चार-पाच हिसके द्या आणि कडी जागची हलली का ते बघा. तिसरा प्रकार निव्वळ गाठीचा. फोटोत फार सुंदर दिसतो. रोजच्या बॅगेला मी तो घेणार नाही.

काही बॅगांमध्ये नाडी आणि पट्टा एकच असतो. पट्टा बॅगेच्या भोकांतून ओवलेला असतो आणि बॅग खांद्याला लटकली की स्वतःच्या वजनाने तोंड आवळलं जातं. कल्पना झकास आहे, गर्दीत तर फारच सोयीची. फक्त तोंडाजवळचं लेदर रोज चुरगळतं आणि दीड-दोन वर्षांत तिथे पांढरट घड्या पडतात. मऊ, दाणेदार लेदर असेल तरच असली रचना घ्या.

मुंबईत पट्ट्याची लांबी दिवसातून दोन-तीनदा बदलावी लागते, हे नव्याने इथे आलेल्यांना कळायला थोडा वेळ लागतो. रस्त्यावर, बाजारात क्रॉसबॉडी बरी, हात मोकळे राहतात. पण संध्याकाळी दादरला गाडीत शिरताना लांब पट्ट्यावरची बॅग मागे राहते आणि आपण पुढे. ती दोन माणसांच्या मध्ये अडकली की मानेला हिसका बसतो, दाराशी असलात तर ते धोक्याचंही आहे. गाडी यायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच पट्टा आखूड करून बॅग पोटाशी घ्यायची. यावर मला सर्वांत सोयीची वाटलेली रचना म्हणजे दोन पट्टे: एक आखूड, पक्का शिवलेला आणि दुसरा लांब, हुकाने काढता-घालता येणारा. गाडीत लांब पट्टा काढून बॅगेत टाकला की काम झालं. असे हुक निवडताना त्यांची स्प्रिंग वीस-पंचवीस वेळा दाबून बघा. एकदा जरी अडकली तरी दुसरी बॅग मागा.

पट्टा बॅगेला जोडलाय तिथे अंगठ्याने दाबून बघा. लेदरचे दोन थर आणि मध्ये न ताणणारी पट्टी असेल तर हाताला भरीव लागतं. एकाच थराचा पातळ पट्टा वजनाने ताणतो, त्याची गोल भोकं हळूहळू लांबट होतात आणि एक दिवस बक्कलची पिन भोक फाडून बाहेर येते. जोडावर नुसता रिव्हेट (धातूची बटणासारखी खिळी) ठोकलेला असण्यापेक्षा रिव्हेट आणि चौकोनी टीप दोन्ही असलेली बरी. खिशात छोटा चुंबक ठेवा, फ्रिजच्या दारावरचाही चालेल. कडीला चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, आणि आपल्या खाऱ्या हवेत वरचा सोनेरी मुलामा उडाला की ते गंजणार. नाही चिकटला तर पितळ असेल किंवा जस्ताचा मिश्रधातू. पितळ हाताला जड लागतं, मिश्रधातू त्यामानाने हलका आणि जास्त ठिसूळ.

तोंड, तळ आणि आतलं अस्तर

नाडीची बॅग एका बोटाने उघडते. चोरालाही तेवढंच बोट लागतं. आत चेनचा कप्पा हवाच आणि तो मोबाइल मावेल एवढा हवा. तोंडाला मधोमध चुंबकी बटण किंवा वरून झाकण असेल तर उत्तम. नाहीतर नाडीची गाठ नेहमी अंगाच्या बाजूला ठेवायची सवय लावून घ्या.

तळ कडक आहे का ते बघा. मऊ तळाची बॅग ऑफिसच्या टेबलावर बसत नाही, कलंडते आणि लिपस्टिक थेट प्रिंटरखाली जाते. तळाला धातूची चार बटणं असली तर पावसाळ्यात ओल्या फरशीपासून थोडा बचाव होतो. अस्तर हलक्या रंगाचं घ्या. काळ्या अस्तराच्या खोल बॅगेत किल्ली शोधणं म्हणजे विहिरीत पडलेला लोटा गळ टाकून काढण्यासारखं आहे.

लेदर ओळखताना

रस्त्यावरचा विक्रेता लायटर काढतो आणि म्हणतो, “ओरिजिनल है मॅडम, जलाके देखो.” हा खेळ आहे. ज्योत क्षणभर फिरवली तर चांगलं रेक्झीनही तग धरतं आणि अस्सल लेदरवर मात्र डाग पडू शकतो. पाण्याच्या थेंबाची परीक्षाही अर्धवटच, कारण वरून लेप दिलेलं अस्सल लेदरही पाणी शोषत नाही.

त्यापेक्षा कापलेली कड शोधा. पट्ट्याचं टोक, आतल्या कप्प्याची किनार किंवा एखाद्या भोकाची आतली बाजू. तिथे बारीक, गुंतलेले तंतू दिसले तर लेदर. कापडाची वीण आणि तिच्यावर प्लॅस्टिकचा थर दिसला तर रेक्झीन. मग पृष्ठभाग अंगठ्याने दाबा: अस्सल लेदरवर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पसरतात. दाणे सगळीकडे अगदी सारखे, छापल्यासारखे असतील तर ते बहुधा छापलेलेच असतात. खालून लेदर खरं असेल, पण वरचा थर घासून, लेप देऊन त्यावर दाणा उठवलेला. ते वाईट नसतं, रोजच्या वापराला टिकाऊही असतं, पण त्याची किंमत ‘फुल ग्रेन’ची, म्हणजे वरचा थर न घासलेल्या लेदरची, देऊ नका. ‘जेन्युइन लेदर’ हा शिक्का फारसं काही सांगत नाही. आणि ‘बाँडेड लेदर’ म्हणजे लेदरचा चुरा गोंदात बसवून केलेला पत्रा, तो मुंबईच्या दमट हवेत पापुद्रे सोडतो.

कातडं कुठल्या जनावराचं, हेही विचारा. परदेशी ब्रँडच्या बॅगा बऱ्याचदा गाईच्या किंवा वासराच्या कातड्याच्या असतात, आणि ते कित्येक घरांत चालत नाही. भेट द्यायची असेल तर आधी लेबल वाचा. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे इथल्या कारागिरांकडे म्हैस, बकरी आणि मेंढीचा माल जास्त दिसतो. म्हशीचं लेदर जाड आणि भरड, तळाला आणि पट्ट्याला चांगलं. बकरीचं हलकं आणि चिवट, बकेट बॅगेच्या अंगाला मला तेच आवडतं. मेंढीचं हाताला लोण्यासारखं लागतं, पण लोकलच्या गर्दीत लवकर ओरखडे घेतं.

कातडं कमावण्याचे, म्हणजे त्याचं टिकाऊ लेदर करण्याचे, प्रकार मुख्यतः दोन. क्रोम वापरून कमावलेलं लेदर मऊ असतं आणि पाण्याला सहसा लवकर दाद देत नाही. झाडपाल्याने कमावलेलं, म्हणजे आपल्या कोल्हापुरी चपलांसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून करतात तसं, सुरुवातीला ताठ असतं. ते वापराने गडद होत जातं आणि फार सुंदर दिसतं, पण पहिल्याच सरीत त्याच्यावर पाण्याचे ठिपके उमटतात. जूनमध्ये तसली बॅग घेणार असाल तर सप्टेंबरपर्यंत ती कपाटातच राहील, हे धरून चाला.

एक परीक्षा बहुतेक जण विसरतात. पांढरा रुमाल किंचित ओला करून बॅगेच्या मागच्या बाजूवर घासा. रंग रुमालावर आला तर तो तुमच्या पांढऱ्या कुर्त्यावरही येणार, मुंबईच्या घामात तर नक्कीच. उलट फिकट रंगाच्या बॅगेवर नव्या जीन्सचा निळा रंग बसतो आणि तो निघत नाही.

मुंबईत कुठे बघाल

ब्रँडचीच हवी असेल तर बीकेसीचा जिओ वर्ल्ड प्लाझा आणि लोअर परळचं पॅलेडियम इथे बहुतेक मोठी नावं सापडतात. विकत घ्यायची नसली तरी आधी तिथे जा. चांगली शिलाई, पट्ट्याची रंगवलेली कड आणि बक्कलचं वजन हाताला एकदा कळलं की बाकी बाजारात फसायची शक्यता निम्मी होते. तिथे बघण्याचे पैसे पडत नाहीत. लिंकिंग रोड आणि कुलाबा कॉजवेवर बकेट बॅगा ढिगाने मिळतात, पण त्या रेक्झीनच्या आहेत असं समजूनच भाव करा. हंगामापुरती, रंगासाठी घ्यायला काहीच हरकत नाही.

लेदरसाठी मात्र धारावी. सायन-वांद्रे लिंक रोडवर दुकानांची रांग आहे आणि मागच्या गल्ल्यांत कारागिरांचे गाळे. मध्य रेल्वेने सायन, पश्चिम रेल्वेने माहीम, आणि मेट्रो 3 ला तर धारावी नावाचंच स्टेशन आहे. सकाळी उजेड असताना जा, ट्यूबलाइटखाली टॅन आणि चॉकलेटी यात फरक कळत नाही. तीन-चार दुकानं नुसती फिरा, भाव ऐका, मग बोला. दुकानदाराला “यात आणि त्यात फरक काय?” असं विचारलं की तो खुलतो. आपला माल हातात घेऊन समजावणाऱ्याकडून घ्या. “सब सेम है” म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघा.

मापाप्रमाणे शिवूनही मिळते आणि माझ्या मते नवख्या माणसाने तोच विचार करावा. तळ लांबट गोल, साधारण आठ बाय सहा इंच. उंची दहा-अकरा इंच. एवढ्यात डबा आणि उभी बाटली बसते. पट्ट्याचा सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त ड्रॉप कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका. भोकं इंचा-इंचावर मागा. टीप इंचाला सात-आठ टाक्यांची पुरते. त्याहून बारीक टाक्यांनी लेदर कागदासारखं फाटू शकतं. अस्तर सुती कॅनव्हासचं मागा, आतल्या चेनचा रनर तिथेच दहा वेळा मागे-पुढे करून बघा. अर्धे पैसे आगाऊ द्यायची पद्धत आहे, पावती घ्या.

मोठ्या ब्रँडचा लोगो ठोकून द्या, असं मात्र सांगू नका. कायद्याने तो गुन्हा आहे, आणि धाड पडली तर भोगावं लागतं ते गाळ्यातल्या कारागिराला. त्याच्या हातची बिनलोगोची बॅग चारचौघांत मान खाली घालायला लावत नाही.

वापरलेली ब्रँडेड बॅग

याबद्दल थोडक्यातच. मूळ बिल नसेल तर घेऊ नका. आतला कोड दाखवून कोणी खात्री देत असेल तर लक्षात ठेवा, कोड छापणं नकली माल करणाऱ्यालाही जमतं. लुई व्हिटॉनने 2021 च्या मार्चपासून छापील कोड बंद करून बॅगेत मायक्रोचिप घालायला सुरुवात केली. तेव्हा ‘गेल्याच वर्षी घेतली’ म्हणणाऱ्याने छापील कोड दाखवला तर तिथेच थांबा.

पावसाळा

मुंबईत लेदरचा खरा वैरी पावसाची सर नाही, कपाटातली दमट हवा आहे. भिजलेली बॅग वाळवता येते. जुलैत बंद कपाटात ठेवलेल्या बॅगेवर हिरवट-पांढरी बुरशी आली की तिचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

बॅग भिजली तर लगेच कोरड्या मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका. आतलं सगळं काढा, आत जुनी सुती ओढणी किंवा पांढरा कागद भरा. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. नाडी पूर्ण सैल सोडा, पट्ट्याची बक्कल उघडा, कारण पाणी नेमकं बक्कलखाली आणि आयलेटच्या (भोकाभोवतीच्या धातूच्या कडीच्या) कडेला साचतं. मग पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायर नको, गॅसजवळ तर नकोच. लवकर वाळलेलं लेदर कडक होऊन तडकतं.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. मलमलच्या किंवा जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात किंवा माळ्यावर नको. सिलिका जेलच्या पुड्या आत टाका. रंग बदलणारे दाणे मिळाले तर ते घ्या: निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजायचं आणि गरम करून परत वापरायचे. लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. डांबरगोळ्या लेदरला टेकवून ठेवू नयेत, डाग पडतो. आणि आठवड्यातून एकदा बॅग बाहेर काढून तासभर हवेवर टांगा. बाकी सगळं विसरलात तरी हे करा.

बुरशी आलीच तर बॅग आधी गॅलरीत न्या, खोलीत झटकली तर ती इतर कपड्यांवर बसते. कोरड्या कापडाने पुसा, मग घट्ट पिळलेल्या ओल्या कापडाने, मग सावलीत वाळवा. ते कापड टाकून द्या.

खोबरेल तेल चोळायचा सल्ला प्रत्येक घरात कोणीतरी देतंच. आजीच्या चपलांना ते चाललं असेल, पण फिकट लेदरवर त्याचे काळपट डाग पडतात आणि पुढे खवट वास येतो. बुटाचं पॉलिशही नको, त्याचा रंग कपड्यांना लागतो. लेदरसाठीचं बिनरंगी क्रीम मिळतं, ते पावसाळ्याआधी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, अगदी बोटाच्या टोकाएवढं. आधी तळाला लावून बघायचं.

पट्टा तुटला किंवा मोठा झाला तर

स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांकडे भोक पाडायचा पंच असतो. बॅग सोबत घेऊन जा, पट्टा अंगावर लावून खूण करा आणि “काका, याच ओळीत, मधोमध” असं सांगा. भोक जरा जरी कडेला गेलं तर पट्टा तिथूनच फाटतो. बॅग नवी आणि महागडी असेल तर आधी दुकानात विचारा. बरेच ब्रँड जादा भोक स्वतः पाडून देतात आणि बाहेर हात लावला तर वॉरंटी मानत नाहीत.

उसवलेली टीप मेण लावलेल्या दोऱ्याने हाताने घालून घ्या, ती मशीनच्या टिपेपेक्षा जास्त टिकते. नाडी झिजली तर तेवढीच बदलून मिळते, धारावीत लेदरची दोरी वारावर विकत मिळते. आणि पट्टाच गेला तर जुनी बक्कल, हुक आणि कड्या फेकून देऊ नका. पितळेच्या असतील तर चिंच लावून घासा आणि नव्या पट्ट्याबरोबर कारागिराच्या हातात ठेवा. नव्या बक्कलचे पैसे वाचतात, आणि तेवढ्या वजनाचं पितळ आता नव्या बॅगांना सहसा लावत नाहीत.